सीझनमध्ये आई नको

मम्मींनी परदेशी पाहुण्यांना फसवलं. पाहुण्यांनी आम्हाला फसवलं, पण हसतमुखाने, मिठ्या मारून. आणि सगळ्यांनी मिळून माझ्या आईला फसवलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण ही हकीकत मी कुणालाही सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला समोरचा म्हणतो, "पण त्यांचा हेतू चांगला होता हो." हेतू काय चाटायचाय?

मम्मी म्हणजे माझी आई नव्हे. बेंगळुरूच्या छावणीकडच्या जुन्या भागात, एका बंगल्यात अनाथ मुलींचा आश्रम होता, त्याच्या त्या चालक. सगळ्या मुलींनी त्यांना मम्मी म्हणायचं असा तिथला नियम होता. नव्वदच्या दशकातली बरीचशी वर्षं मी त्या बंगल्यात काढली. माझी आई वेगळी होती, जिवंत होती, आणि बसने यायचं म्हटलं तर फार लांब राहतही नव्हती.

परवा कळलं, तो बंगला पाडायला काढलाय. माझा धंदाच तो आहे. शिवाजीनगरात माझं दुकान आहे : जुनी दारं, खिडक्या, चौकटी, जिन्याचे कठडे. बंगला पडायच्या आधी मी तिथे पोचते, लाकूड ठोकून बघते, भाव पाडते आणि माल उचलते. सर्जापूर रोडवरच्या नव्या फ्लॅटवाल्यांना भिंतीवर टांगायला जुनं दार लागतं. ज्या दारातून कुणी आत-बाहेर करणार नाही, त्याला ते जास्त पैसे देतात. मला काय, मी घेते.

गेटवर मम्मींचा भाचा उभा होता. गोरागोमटा, हातात दोन फोन. मला ओळखायचं त्याला कारण नव्हतं.

"आंटी, सगळं बर्मा टीक आहे हं. हात लावून बघा."

"या चौकटीने बर्मा स्वप्नात तरी बघितलाय का? इथल्या जंगलातलं होन्ने आहे हे."

"स्वल्प बघून बोला ना, आंटी."

"मी बघूनच बोलते. तू बोलून बघतोयस."

तो हसला. मी जेवणाच्या हॉलच्या खिडकीपाशी गेले. जुन्या लाकडाचा अंदाज घ्यायचा तर रंग खरवडावा लागतो. मी पिशवीतली पटाशी काढली आणि झडपेच्या कोपऱ्यात लावली. वरचा तपकिरी गेला. खाली पिवळा निघाला. पिवळ्याखाली पांढरा. मग निळा. मग पुन्हा पांढरा. मग हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली गुलाबी. लाकूड लागेचना. रंगाची खपली हातावर पडली आणि अचानक ओल्या चुन्याचा वास आला. वास खरा नव्हता, त्या हॉलला चुना लागून किती वर्षं लोटली असतील. पण नाकाला कोण समजावणार?

त्या घरात सीझन चुन्याच्या वासाने सुरू व्हायचा. 'सीझन' हा शब्द स्वयंपाकघरातल्या रत्नाक्कांचा. मोठ्या पातेल्यात नाचणीचा उंडा घोटता घोटता त्या ओरडायच्या, "सीझन बंतु, मुलींनो, सीझन आला!" जूनची भुरभुर सुरू झाली की एकदा, आणि नाताळच्या आधी, सकाळी तोंडातून वाफ निघायच्या दिवसांत पुन्हा एकदा. परदेशातल्या कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की तिकडची मुलंमुली आमच्याकडे सेवा करायला यायची. पाठीवर त्यांच्याच उंचीच्या पिशव्या, पायात वहाणा, नाकाचे शेंडे सोललेले. त्यांना डासांच्या मलमाचा आणि नव्या रबराचा वास यायचा. ते जेवताना हळूच बोटं हुंगायचे, आणि आम्ही त्यांना हळूच हुंगायचो.

ते येण्याआधी भिंतीला चुना लागायचा. हॉलची ती एकच लांब भिंत. आधीच्या तुकडीने तिच्यावर सूर्यफुलं काढलेली असायची, पानापानावर आपापली नावं लिहिलेली असायची. त्याच्या आधीच्यांनी मासे. त्याच्या आधीच्यांनी इंद्रधनुष्य, कारण इंद्रधनुष्य काढायला चित्रकला यावी लागत नाही. चुनेवाला यायचा आणि बादलीभर चुन्यात सगळं बुडवायचा. नवी तुकडी आली की मम्मी त्यांना हॉलमध्ये न्यायच्या, त्या कोऱ्या भिंतीसमोर उभं करायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. नुसता एक उसासा. दुसऱ्या दिवशी पाहुणे बाजारातून रंगाचे डबे घेऊन हजर. त्यांना खिडक्याही रंगवायच्या असायच्या. आम्ही हातांचे पंजे रंगात बुडवून भिंतीवर उमटवायचो. तिकडे फोटो जायचे : भकास भिंत, मग हसरी भिंत. एकच भिंत किती जणांनी वाचवावी?

भिंतीसारखंच बाकीचं. आधीच्या पाहुण्यांनी दिलेली अस्वलं, बाहुल्या, रंगीत खडूंच्या पेट्या, चांगले स्वेटर, सगळं ट्रंकांच्या खोलीत जायचं. आम्ही विटके फ्रॉक चढवायचो. आमच्याकडे वस्तू नव्हत्या असं नाही, सीझनमध्ये नसायच्या. कुडकुडणाऱ्या डिसेंबरात आमचे स्वेटर दोन भिंतींपलीकडे डांबराच्या गोळ्यांत झोपलेले असायचे आणि पाहुण्या मुली आम्हाला आपल्या शालीत घेऊन रडायच्या. त्यांच्या शाली ऊबदार होत्या, हे मान्य करते.

आणि आम्हाला एक धडा पाठ असायचा. सकाळच्या प्रार्थनेनंतर, गंजीच्या, म्हणजे पेजेच्या आधी, मम्मी स्वतः म्हणवून घ्यायच्या. "नो फादर, नो मदर, ओन्ली मम्मी." चाल लावून. लहान मुलींना ते गाणंच वाटायचं, त्या टाळ्या वाजवायच्या. आमच्यातल्या निम्म्या मुलींना घरी कुणी ना कुणी होतं. कुणाची आजी फुलं विकायची, कुणाचा बाप हमाल होता. माझी आई ऊदबत्त्या वळायची.

आईचा वास आधी यायचा, मग आई. सीझन नसलेल्या रविवारी दुपारी गेटजवळच्या पावसाळी झाडाखाली, रेन ट्रीखाली, आम्ही भेटायला येणाऱ्यांची वाट बघत बसायचो. त्या झाडाच्या शेंगा चिकट, गोडसर, पायाखाली फुटायच्या. त्या वासातून मध्येच एक दुसरा वास सरकत यायचा, कोळशाचा, डिंकाच्या सालीचा, थोडा चंदनाचा आणि पुष्कळसा घामाचा. मी उठून उभी राहायचे. मग गेटच्या गजांतून आईचे हात दिसायचे. काळे. ऊदबत्तीसाठी कोळशाचा लगदा दिवसभर पाटावर घासून घासून तिचे तळवे काळेच झाले होते. आत आल्यावर ती नळाखाली हात धरायची, विटेच्या तुकड्याने घासायची. काही जायचं नाही. तरी दर वेळी घासायची, पदराला पुसायची आणि मगच माझ्या गालाला लावायची.

चुरमुऱ्यांची पुडी आणायची, गुळाचा खडा आणायची. माझं डोकं मांडीवर घेऊन उवा बघायची आणि निपाणीचं सांगायची. आम्ही मूळचे तिकडचे. तंबाखूच्या वखारी, त्यातून येणारी शिंकांची झुळूक, मामाच्या दारातली म्हैस. माझा बाप केव्हा गेला, कुठे गेला, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिच्या वस्तीबद्दल मात्र सांगायची. तेव्हा विमानतळ गावातच होता, इंदिरानगरच्या पलीकडे. आईची वस्ती त्या बाजूला. "इमान इतक्या खालनं जातंय, पोरी, पत्र्यावरचं मांजर बी खाली बसतंय."

आई आश्रमाला 'हॉस्टेल' म्हणायची. तिच्या लेखी तिने मला हॉस्टेलवर ठेवलं होतं. तिथे दोन वेळचं जेवण होतं, शाळा होती, इंग्रजी होतं. ती कुणालाही तसंच सांगायची, मान वर करून.

सीझन जवळ आला की मम्मी पालकांना व्हरांड्याखाली उभं करून सांगायच्या, "पाहुणे असताना यायचं नाही. त्यांना वाटेल, यांना घरं आहेत." रत्नाक्का ते ज्याच्या-त्याच्या भाषेत समजावायच्या. फुलवाली आजी, हमाल, माझी आई, सगळे मान हलवून बरं म्हणायचे. "सरी, अम्मा." त्या एका 'सरी'त आमचे महिनेच्या महिने रविवार बुडायचे.

ज्या जूनबद्दल मी बोलते आहे, त्या जूनमध्ये रूथ आली. प्रत्येक पाहुणा आपल्यासाठी एक मुलगी निवडायचा, रूथने मला निवडलं. तिच्या नाकावर ठिपके होते, तिला संत्र्याच्या साबणाचा वास यायचा. माझं नाव तिला म्हणता येईना, पण ती रोज नव्याने प्रयत्न करायची, आणि रोज चुकल्यावर स्वतःच्या गालावर चापट मारायची. मी हसायचे. रूथ मला आवडायची. हे लिहिताना आज माझे दात आवळले जातात, पण आवडायची. ती मला रोज विचारायची, "आर यू हॅपी?" तुझं कोण आहे, हे एकदाही नाही. ते तिला मम्मींनी आधीच सांगून ठेवलं होतं ना. एकाने सांगितलं की दुसरीकडे विचारून बघायचं, हे मला लाकडाच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळलं. ही कॉलेज शिकलेली मुलगी, समुद्र ओलांडून आलेली, तिला ते सुचलं नाही.

तो रविवार. चुना नुकता वाळला होता, आम्ही भिंतीवर फुलपाखरं काढत होतो. रूथ शिडीवर. मम्मी बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत. आणि गेटवरून आरोळी आली, "ऊदबत्तीऽऽ! मैसूर ऊदबत्तीऽऽ!"

आवाज माझ्या ओळखीचा होता. आरोळी नवी होती. आई कधी विकायला फिरली नव्हती. ती वळायची, विकणारे वेगळे. पण गेटवरच्या अण्णाला हुकूम होता तो पालकांना अडवायचा. फेरीवाल्यांना नाही. बांगडीवाला, फुग्यावाला, शेंगदाणेवाला सीझनमध्ये खुशाल आत यायचे, पाहुण्यांना ते आवडायचं. आईने कुठूनतरी हे हेरलं होतं. कुणाच्यातरी हातापाया पडून मालाची पिशवी मिळवली होती आणि माझ्या आईने स्वतःला फेरीवाली करून घेतलं होतं.

मम्मींनी तिला पाहताक्षणी ओळखलं. त्या खुर्चीतून उठायला गेल्या. पण तोवर रूथ शिडीवरून उडी मारून व्हरांड्यात पोचली होती. "इन्सेन्स!" ती म्हणाली आणि तिने मला हाताने ओढून नेलं, दुभाषी म्हणून. तिच्याजवळच्या पुस्तकात लिहिलं होतं की या देशात घासाघीस केल्याशिवाय काही घ्यायचं नाही, लोकांना ती आवडते. मम्मी गोड हसून म्हणाल्या, "येस, येस, सेलर. शी कम्स." मम्मींना इंग्रजी येत होतं, कन्नड येत होतं, तमिळ येत होतं. मराठीचं अक्षर येत नव्हतं.

आई पायरीखाली उकिडवी बसली. पुडे मांडले. एक पुडा रूथसमोर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "केस कुणी कापलं गं तुझं?"

"व्हॉट डज शी से?" रूथने विचारलं.

"शी से, व्हेरी गुड स्मेल."

"टेल हर, हाफ प्राइस."

मी आईला म्हणाले, "उवा झाल्या म्हणून सगळ्यांचेच कापले. तू येत का नाहीस?"

"येतीया की. मागल्या गल्लीतनं बघून जाते. दोरीवर तुझा फ्रॉक दिसला. बाही फाटलीया. जेवतीस का पोटभर?"

"नो," मी रूथला सांगितलं. "शी से, नो हाफ."

रूथ खूश झाली. तिने छातीवर हात ठेवून डोळे वर केले. "टेल हर आय ॲम अ पुअर स्टुडंट!"

"ती म्हणते, ती गरीब आहे."

आई इतक्या वेळात पहिल्यांदा हसली. "सांग तिला, मी बी."

आणि मग आईने भाव पैशानेही उतरवला नाही. रूथने हात जोडले, पाठ फिरवून जायचं नाटक केलं, परत आली. आई एकेक पुडा उघडून वास द्यायची, बांधायची, दुसरा उघडायची. मोगरा, केवडा, चंदन. प्रत्येक पुड्यागणिक एक प्रश्न. खोकला गेला का? पांघरूण आहे का? वर्गात कितवी आलीस? मी प्रत्येक उत्तरानंतर रूथकडे वळून काहीतरी भाव सांगायचे. सौदा मिटला असता तर आईला उठावं लागलं असतं. तो माझा पहिला सौदा. पुढे आयुष्यात मी पुष्कळ केले, लोक म्हणतात हिच्याशी घासाघीस करू नका, बाई दमवते. कुणाकडून शिकलीस, म्हणून विचारतात.

केवड्याचा पुडा बांधता बांधता आई म्हणाली, "मामानं निपाणीला बलिवलंय. वखारीत काम हाय, ऱ्हायला खोली हाय. ही मंडळी गेली की तुला न्यायला येते."

"खरं?"

"खरं. शाळा तिथं बी हाय. आता रडू नगंस. सौदा करताना कुणी रडतंय व्हय?"

"व्हॉट डज शी से?"

"लास्ट प्राइस," मी म्हणाले.

रूथने शेवटी आईचाच भाव दिला. मग कॅमेरा आणला. आईला आणि मला पायरीवर बसवलं, पुडे मधे. आईने पदर डोक्यावरून सारखा केला. तिचा हात माझ्या खांद्यावर आला, वजनासकट, उबेसकट. आणि खटका दाबला जायच्या आत ती तो काढून घेऊ लागली, कारण ऊदबत्ती विकणारी बाई आश्रमातल्या मुलीच्या खांद्यावर असा हात ठेवत नाही. तो हात फोटोत आला की नाही, मला माहीत नाही. माझ्या आईचा तो एकुलता एक फोटो. तिकडच्या कुठल्याशा घरात असेल. त्याखाली काय लिहिलं असेल, त्याची कल्पना मला आहे.

"साकु, साकु," मम्मी म्हणाल्या, पुरे आता. आई पिशवी काखेत मारून उठली. गेटपर्यंत आरोळी देत गेली. गल्लीच्या टोकापर्यंत ती आरोळी ऐकू येत होती. फुलपाखरं ओलीच होती.

जाताना रूथ खूप रडली. मम्मींचे हात हातात घेऊन माझ्यादेखत म्हणाली, या मुलीचा सगळा खर्च आम्ही उचलू, माझे आईवडील उचलतील, ती मोठी होईपर्यंत. तिने तो शब्द पाळला, हे नंतर कळलं. त्याच आठवड्यात मम्मींनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या मुलींच्या हॉस्टेलवर हलवलं.

तिथे पावसाळी झाड नव्हतं. सिल्वर ओकची रांग होती, वाळलेली पानं घरंगळत यायची, माणूस चालत येतंय असा आवाज करत. मी रविवारी कठड्याशी उभी राहायचे. खालच्या बेकरीतून पावाचा, नारळाच्या बिस्किटांचा वास यायचा. दुसरा कुठलाच यायचा नाही. मम्मी भेटायला आल्या तेव्हा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझी आई गावाला गेली. निरोप नाही, पत्ता नाही. अशीच असतात ही माणसं." मी आईवर रागावले. मामाची म्हैस, वखारी, खोली, सगळं माझ्याशिवाय. कित्येक वर्षं माझा राग चुकीच्या पत्त्यावर जात राहिला.

शाळा संपली तशी मी शिवाजीनगरात एका जुन्या सामानवाल्याकडे कामाला लागले, झाडण्यापुसण्यापासून. एका रविवारी, डोक्यावरून विमानं जातात अशी वस्ती शोधत निघाले. फार शोधावं लागलं नाही. एका वळणावर वासच समोर आला. गल्लीभर पाटांपुढे बायका बसलेल्या, कोळशाने माखलेल्या, बांबूच्या काड्या तळव्याखाली सरसर फिरत होत्या. मी आईचं नाव घेतलं. एक म्हातारी अक्का वळायची थांबली.

"तू तिची मुलगी? विलायतेहून कधी आलीस?"

मी म्हटलं, "कुठून?"

मग तिने सांगितलं. पाहुणे गेल्यावर आई मला न्यायला आश्रमात गेली होती, नवी चोळी घालून. मम्मींनी तिला सांगितलं, तुझ्या मुलीला ती गोरी बाई आपल्या देशात घेऊन गेली, नशीब काढलं पोरीने, आता तू मध्ये येऊ नकोस. आईने ते खरं मानलं. का मानू नये? तिने स्वतः बघितलं होतं, त्या बाईचा माझ्यावर किती जीव होता.

"विमान गेलं की हात थांबवायची," अक्का म्हणाली. "मान वर करून बघायची. आम्ही हसायचो तिला. म्हणायचो, अगं, रोज थोडीच येते-जाते तुझी मुलगी! तर म्हणायची, कुठलं तिचं, काय सांगावं."

"आणि निपाणीला? मामाकडे?"

"गेलीच नाही. किती वेळा निरोप आला. म्हणायची, पोर परत आली तर इथेच येईल, तिला दुसरं घर माहीत नाही."

शेवटी खोकला झाला, त्या गल्लीतल्या बायकांना होतो तसा. ती गेली. आणि मी त्याच शहरात होते. एक बस बदलून पोचता आलं असतं इतक्या अंतरावर.

भाच्याने विचारलं, "आंटी, काय झालं? लाकूड खराब आहे का?" मी खिडकीशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मी त्याला सांगितलं, मी इथली आहे. तो उजळला. "अय्यो, मग मम्मींना भेटा ना! माझ्याकडेच असतात, सर्जापूर रोडला. पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार आहे, इंदिरानगरच्या हॉलमध्ये. जुने व्हॉलंटियर येणार आहेत बाहेरून. रूथ म्हणून एक आहेत, त्याच सगळं करतायत."

दाराखिडक्यांचा सौदा तिथेच ठेवून मी त्याच्या गाडीत बसले.

बाराव्या-तेराव्या मजल्यावरची बाल्कनी. मम्मी शाल पांघरून बसल्या होत्या, लहानशा झालेल्या. डोकं मात्र शाबूत. माझा हात धरून म्हणाल्या, "तू तर मोठी बिझनेसवाली झालीस म्हणे! बघ, आमच्या मुली."

मी विचारलं, "माझ्या आईला तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी हात सोडला. विसरल्याचं नाटक केलं नाही, एवढं त्यांच्या पदरात टाकते. म्हणाल्या, "खरं सांगत बसले असते तर तांदूळ कुणी पाठवला असता? तुझ्यावर जे यायचं त्यात अकरा मुली जेवायच्या. तुला इंग्रजी कुणी दिलं? तिने नेलं असतं तर काय केलं असतंस तू? वखारीत तंबाखू चाळली असतीस. नाहीतर तिच्याबरोबर ऊदबत्त्या वळल्या असत्यास."

"वळल्या असत्या," मी म्हणाले. "तिच्याशेजारी बसून वळल्या असत्या."

"आंटी, जाऊ द्या ना," भाचा मधे पडला. "वय झालंय त्यांचं. इतकं चांगलं काम केलंय."

मम्मी म्हणाल्या, "पाणी घे. आणि सत्काराला ये. तू दोन शब्द बोललीस तर सगळ्यांना बरं वाटेल."

मी पाणी घेतलं नाही. पण सत्काराला येणार आहे. म्हणून हे आधीच लिहून छापायला देते आहे, मराठीत आणि मम्मी-रूथसाठी इंग्रजीतही, म्हणजे त्या दिवशी कुणाला ऐनवेळी आश्चर्य वाटायला नको.

रूथ, तुला माझा एकच सवाल आहे. सहा आठवडे तू माझ्यावर जीव टाकलास, माझ्या आईशी तासभर घासाघीस केलीस, आणि ही बाई पुड्यामागून पुडा उघडत या मुलीच्या तोंडाकडे का बघते आहे, हे तुला एकदाही विचारावंसं का वाटलं नाही? आणि तो फोटो परत दे. तो तुझी आठवण नाही, माझी आई आहे.

आणि मम्मी, दोन शब्द मी नाही, तुम्ही बोलायचे. शाल, नारळ, टाळ्या, सगळं होऊ द्या. मग माइक हातात आला की त्या सगळ्या गोऱ्या माणसांसमोर, त्यांना कळेल अशा त्यांच्याच भाषेत सांगा, की ती ऊदबत्तीवाली कोण होती, ती नवी चोळी घालून कुणाला न्यायला आली होती, आणि तिला तुम्ही कुठे बघायला लावून परत पाठवलंत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तुम्ही सांगेपर्यंत मी उठणार नाही, आणि कुणाला उठूही देणार नाही.